बार्शी लाइट रेल्वे आणि आपले तात्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी गावाच्या आणि रेल्वेच्या इतिहासावर एक लेख द्यावा, अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली आणि ती मी आनंदाने स्वीकारली. कुर्डुवाडीचा इतिहास लिहावयाचा म्हणजे रेल्वेचा इतिहास लिहावयाचा, हे येथील प्रत्येक रहिवाशास ठाऊक आहे. जंक्शन झाले म्हणून गाव वाढले, गाव वाढले म्हणून पेठ वसली आणि पेठ वसली म्हणून आपल्या समाजाची घरे येथे आली. परंतु लिहावयास बसल्यावर असे ध्यानी आले की, या इतिहासात कंपन्यांची नावे सापडतात, इंजिनांची सापडतात, साहेबांचीही सापडतात. ज्यांनी त्या इंजिनांची चाके पिढ्यान्‌पिढ्या फिरती ठेवली, त्यांची मात्र सापडत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास आणि तिच्या एका निवृत्त कामगाराचे जीवन ही दोन्ही एकत्र मांडण्याचे योजिले आहे.

हा कामगार म्हणजे आपल्या धर्मशाळेचे तात्या. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक वाचकाने त्यांना पाहिले आहे. मंदिरामागच्या बोळातून पांढरे धोतर, अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि खांद्यावर पिशवी अशी त्यांची मूर्ती पहाटे निघे. त्यांचे पूर्ण नाव या लेखात दिलेले नाही, याचे कारण शेवटी येईल.

लहान लाइनचा जन्म

मुंबई-ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग पुण्याहून पुढे सरकत १८६० साली सोलापुरास पोहोचला. या मार्गापासून बार्शी बाजूला राहिली. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. बालाघाटावरून, निजामाच्या मुलखातून माल येई तो बार्शीत. परंतु तेथून आगगाडीपर्यंत सुमारे एकवीस मैलांची वाट बैलगाडीनेच तुडवावी लागे. आपल्या स्थानकाचे जुने नाव ‘बार्शी रोड’ होते, ते याच कारणाने. स्थानक आपले आणि नाव बार्शीचे, अशी ती गंमत होती.

१८८२ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा तरुण इंग्रज अभियंता जी.आय.पी. रेल्वेत इंजिन विभागाचा निरीक्षक म्हणून आला. बैलगाड्यांच्या त्या रांगा पाहून त्याच्या मनात लहान मापाच्या रेल्वेची कल्पना रुजली. मोठ्या लाइनचे माप साडेपाच फूट. याने निवडले अडीच फूट. लहान लाइन म्हणजे खेळण्यातली गाडी, अशी त्या काळी अनेक जाणकारांची समजूत होती. कॅलथ्रॉपने तिला उत्तर शोधले ते वजनाच्या हिशेबात. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये, असा त्याने दंडक घातला. भार सर्व आसांवर सारखा वाटला, की हलक्या रुळावरूनही मोठा माल सुखरूप नेता येतो. इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे १८९६ साली रूळ टाकून त्याने आपल्या गाड्यांची जाहीर चाचणी घेतली. लीड्सच्याच किटसन कारखान्यात या लाइनची पहिली इंजिने तयार झाली.

बार्शी लाइट रेल्वे कंपनी १८९५ साली लंडनमध्ये नोंदली गेली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाऊन ही गाडी सुरू झाली. पुढे १९०६ साली एक फाटा पंढरपुरास गेला. दुसऱ्या बाजूस रूळ येडशी, तडवळे करीत १९११ साली लातुरास पोहोचले. १९२७ साली पंढरपूर ते मिरज हा शेवटचा टप्पा झाला आणि लाइनची एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर झाली. इंग्रजी अंमलातील बार्शीतून निघून निजामाच्या राज्यात शिरणारी आणि दुसऱ्या टोकाला मिरज संस्थानात विसावणारी अशी ही चिमुकली गाडी होती. तिने आषाढी-कार्तिकीचे वारकरी वाहिले, लातूरची डाळ वाहिली, बार्शीच्या कापसाच्या गाठी वाहिल्या. माप वेगळे असल्यामुळे कुर्डुवाडीस प्रत्येक पोते लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावे लागे. आपल्या गावातील कितीतरी हमालांचे संसार या एका अडचणीवर चालले.

या इतिहासात आपल्या समाजास अभिमान वाटावा असे एक नाव आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी यांचे उद्योजक म्हणून देशभर गाजले. परंतु त्यांच्या ठेकेदारीचा आरंभ या बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून झाला. त्या वेळी त्यांचे भागीदार होते लक्ष्मणराव बळवंत फाटक. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. रूळ कसा पडतो, मोजमाप कसे होते, बिल कसे मंजूर होते, हे ज्ञान त्यांचे. भांडवल आणि धडाडी वालचंदांची. वालचंदांचे नाव शाळांना, महाविद्यालयांना आणि कारखान्यांना लाभले. रेल्वेतून आलेल्या त्या भागीदाराचे नाव आज कितीजणांना सांगता येईल? हा प्रश्न तात्यांच्या संदर्भातही पुढे उभा राहणार आहे, म्हणून तो येथे नोंदवून ठेवतो.

कारखान्यातील घडण

तात्यांचे वडील लाइनीवरच्या एका खेड्यात किराणा-भुसाराचे दुकान चालवीत. उधारी बुडाली, दुकान बसले आणि वयाच्या अठराव्या वर्षी तात्या कुर्डुवाडीच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून दाखल झाले. दुसरे महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. व्यापाऱ्याच्या मुलाने तराजू सोडून पाना-हातोडी धरावी, हे त्या काळी समाजात कमीपणाचे मानले जाई. सोयरीक जुळविताना ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला त्यांच्या मातोश्री ‘कंपनीत आहे’ एवढेच उत्तर देत, असे ते हसत सांगत.

भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून माणसांचा लोंढा आत जाई. इंजिन दुरुस्तीस आले म्हणजे प्रथम त्याचा बॉयलर थंड करायचा, पाणी सोडायचे, नळ्यांत साचलेला क्षार खरवडून काढायचा, गळक्या नळ्या बदलायच्या, मग पाण्याच्या दाबाने बॉयलर तपासायचा. हे काम उन्हाळ्यात किती कष्टाचे असेल, याची कल्पना बाहेरच्यास येणार नाही. तात्या तेथे फिटर झाले. त्यांचा विशेष लौकिक होता तो कानाचा. चाकावर हातोडीचा हलका ठोका मारावा. चाक निर्दोष असेल तर घंटेसारखा स्वच्छ नाद उठतो, चीर गेली असेल तर आवाज बद्द येतो. ही परीक्षा सर्वच कामगार करीत. परंतु शंकेचे चाक असले म्हणजे वरिष्ठ तात्यांना बोलावून घेत. “डोळ्याला दिसत नाही ते लोखंड स्वतः सांगतं; आपण ऐकायला थांबलं पाहिजे,” असे ते म्हणत.

त्यांचा आचार कारखान्यातही सुटला नाही. दुपारपाळी असली म्हणजे सूर्यास्तापूर्वी ते यंत्रापासून बाजूला होत, हात माती लावून स्वच्छ धूत, घरून आणलेली दशमी खात आणि पाणी पिऊन पुन्हा कामास लागत. बरोबरचे मुसलमान, मराठा, महार, ख्रिस्ती कामगार त्या दहा मिनिटांत त्यांचे काम सांभाळीत. रोज्याच्या दिवसांत तात्या त्यांचे काम सांभाळीत. याविषयी कोणी कधी भाषण केले नाही.

त्यांची एक गोष्ट जुने कामगार आवर्जून सांगत. दुरुस्तीची पाळी येईपर्यंत काही इंजिने महिनोन्‌महिने उभी असत. अशा एका इंजिनात चिमण्यांनी घरटे केले होते आणि त्यात पिले होती. इंजिन दुसऱ्या दिवशी कामास घ्यायचे होते. तात्यांनी मेस्त्रींना विनंती केली, की शेजारचे इंजिन आधी घ्यावे, त्याचे जादा काम मी पाळी संपल्यावर करून देतो. मेस्त्री हसले, पण कबूल झाले. पंधरा दिवसांनी पिले उडाली. तात्यांनी शब्द पाळला आणि त्या जादा कामाचा मोबदला मागितला नाही.

१ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत विलीन झाली. कंपनीचे कामगार सरकारी नोकर झाले. मातोश्रींना आता ‘सरकारी नोकरीत आहे’ असे सांगता येऊ लागले.

छत्तीस दिवस

पुढचे वर्ष आपल्या समाजाच्या इतिहासात चिरस्मरणीय ठरले. कुलभूषण आणि देशभूषण या मुनिद्वयाची निर्वाणभूमी असलेल्या कुंथलगिरी सिद्धक्षेत्रावर चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ च्या ऑगस्टमध्ये सल्लेखना स्वीकारली. छत्तीस दिवसांनंतर, १८ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांचे समाधिमरण झाले. दर्शनासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून श्रावक-श्राविका लोटल्या. मोठ्या लाइनीवरून येणारे यात्रेकरू कुर्डुवाडीस उतरत, लहान गाडीने बार्शीस जात आणि तेथून पुढे मोटारीने वा बैलगाडीने, प्रसंगी पायी, कुंथलगिरी गाठीत. ज्या महाराजांनी मुनिव्रत घेतल्यापासून कोणत्याही वाहनाचा आश्रय केला नाही, सारा भारत पायी विहार करून पाहिला, त्यांच्या चरणांपाशी श्रावकांना नेण्याचे काम या चिमुकल्या गाडीकडे आले होते.

श्रावण-भाद्रपदाचे दिवस, वरून पाऊस, डब्यांत पाय ठेवायला जागा नाही. अशा वेळी डब्यांची तपासणी दुप्पट काळजीने करावी लागते. कारखान्यातील काही माणसे स्थानकावर मदतीस दिली गेली, त्यांत तात्या होते. गाडी आली की हातोडी घेऊन ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, प्रत्येक चाकावर ठोका मारीत, आसाच्या पेटीवर हात ठेवून ती तापली आहे का पाहत, तेल घालीत. डब्यांतून णमोकार मंत्राचा घोष चालू असे आणि खाली हा कामगार चाकांचा नाद ऐकत असे.

त्यांच्या घरची सर्व मंडळी दर्शनास जाऊन आली. आळीतील झाडून सारे गेले. तात्यांना मात्र जाता आले नाही. रजा मागितली असती तर कदाचित मिळाली असती. त्यांनी ती मागितलीच नाही. मी त्यांना पुढे एकदा विचारले होते, “तात्या, एवढ्या जवळ असून तुम्हाला दर्शन नाही झालं, याची रुखरुख नाही वाटत?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वाटते तर. पण भरलेली गाडी होती रे. चाकाला काही झालं असतं, तर त्या सगळ्यांचं दर्शन हुकलं असतं.”

समाधीनंतर काही आठवड्यांनी गर्दी ओसरल्यावर ते एकटेच कुंथलगिरीस गेले, समाधिस्थानी नतमस्तक झाले आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीला हजर झाले.

आपल्या तत्त्वज्ञानात सहा द्रव्यांपैकी एक धर्मद्रव्य सांगितले आहे. येथे धर्म या शब्दाचा अर्थ पुण्य असा नाही. जीव आणि पुद्गल यांच्या गतीला साहाय्यभूत होणारे ते द्रव्य. ते कोणास ढकलीत नाही, ओढीत नाही. मासा पोहतो तो आपल्या शक्तीने, परंतु पाण्यावाचून त्याचे पोहणे नाही, असा त्याला पारंपरिक दृष्टांत आहे. पाठशाळेत हे आपण सर्वांनी घोकले आहे. मला मात्र ते समजले तात्यांचे उत्तर ऐकले त्या दिवशी.

फंड की पेन्शन

१९५७ साली रेल्वे कामगारांसाठी पेन्शन योजना लागू झाली. त्यापूर्वी भविष्यनिर्वाह निधीची, म्हणजे फंडाची पद्धत होती. पगारातून काही रक्कम कापली जाई, तेवढ्यात सरकार आपली भर घाली आणि निवृत्तीच्या दिवशी एकरकमी पैसा हाती येई. जुन्या कामगारांना दोहोंपैकी एकाची निवड करावयाची होती आणि पुढेही अशा संधी वेळोवेळी मिळत गेल्या. तात्यांनी फंड कायम ठेवला. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसास दरमहाच्या थोड्या रकमेपेक्षा हातातील भांडवल अधिक खरे वाटले, असे कोणी म्हणेल. खरे कारण निराळे होते. धाकट्या बंधूंनी बार्शीत आडत सुरू केली होती. ती कर्जात गेली होती. घराण्याची पत राखावयाची तर एकरकमी पैसा हवा होता. देणेकऱ्यांना तात्यांनी शब्द दिला होता, की माझा फंड मिळेल त्या दिवशी तुमची पै न्‌ पै चुकती होईल.

मे १९७४ मधील देशव्यापी रेल्वे संपाची आठवण येथे केली पाहिजे. ८ मे ते २७ मे असे वीस दिवस तो संप चालला. कुर्डुवाडीसारख्या रेल्वेच्या गावात त्या दिवसांत काय वातावरण असेल, हे वेगळे सांगावयास नको. भोंगा बंद, पगार बंद, काहींवर अटकेची तलवार. तात्या निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते, तरी सोबत्यांना सोडून ते कामावर गेले नाहीत. पेठेतील आपल्या कित्येक दुकानदारांनी त्या वेळी रेल्वेच्या घरांना धान्य उधारीने दिले. माझ्या वडिलांच्या वहीत त्या महिन्याची पाने मी पाहिली आहेत. त्या उधारीतील फारच थोडी बुडाली. पेठ आणि कारखाना ही गावाची दोन अंगे एकमेकांना किती धरून होती, याचे याहून चांगले प्रमाण माझ्यापाशी नाही.

अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होताच तात्या निवृत्त झाले. फंड मिळाला आणि महिन्याभरात बंधूंच्या देण्यात गेला. शब्द पुरा झाला. त्यानंतरची अनेक वर्षे त्यांना दरमहा ठरलेले असे उत्पन्न नव्हते. मुलगा नोकरीस लागेपर्यंत शिलाईयंत्रे आणि पंप दुरुस्त करून त्यांनी घर चालविले.

१७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारा प्रकरणात निकाल दिला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून कामगाराने केलेल्या सेवेतून मिळविलेला हक्क आहे, असा त्याचा आशय होता. आजही तो दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. त्या निकालाने फंड घेतलेल्या निवृत्त रेल्वे कामगारांच्याही आशा पालवल्या. आम्हालाही पेन्शन निवडण्याची संधी पुन्हा द्यावी, अशी त्यांची मागणी होती. १९९० साली घटनापीठाने ती अमान्य केली. फंडधारक आणि पेन्शनधारक हे दोन निरनिराळे वर्ग असून निवड कामगारांनी स्वतः केलेली होती, असे न्यायालयाने ठरविले. पुढे नोव्हेंबर १९९७ पासून अशा वृद्धांना दरमहा ६०० रुपये अनुग्रह रक्कम मिळू लागली.

तो १९९० चा निकाल वर्तमानपत्रात मीच त्यांना वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. “सही माझीच होती. मग तक्रार कुणाची करायची?” एवढेच बोलून ते धर्मशाळेच्या पंपाकडे गेले. त्या प्रसंगी मला त्यांचा थोडा रागच आला होता. ज्या माणसाने चाळीस वर्षे लोखंडाशी झुंज घेतली, त्याने म्हातारपणी असे निमूट राहावे हे पटत नव्हते. आज वाटते की, ते निमूट राहणे हतबलतेचे नव्हते. पैसा कोठे गेला आणि का गेला, याचा त्यांचा हिशेब पक्का होता.

धर्मशाळेतील दिवस

आपल्या ट्रस्टची स्थापना झाली तेव्हा तात्या नोकरीतच होते. निवृत्त होताच ते धर्मशाळेचे झाले. त्यांना कोणी नेमले नव्हते. पहाटे येऊन पाण्याची टाकी भरणे, गाळण्याची फडकी बदलणे, कुंथलगिरीस जाणाऱ्या यात्रेकरूंना गाड्यांच्या वेळा सांगणे, भांडी मोजून देणे आणि मोजून घेणे ही कामे त्यांनी आपली मानली. मंदिराच्या गाभाऱ्याचे दार करकरते म्हणून त्याच्या बिजागऱ्या त्यांनी स्वतः घडविल्या. त्या आजही चालू आहेत. चातुर्मासात त्यागीवृंद येत, तेव्हा विहारमार्गावरील खडे झाडण्यास हातात खराटा घेऊन ते पुढे असत.

त्यांनी एक जाड वही ठेवली होती. रोजची तारीख, आलेल्यांची संख्या, दिलेले साहित्य, तुटले-फुटले, दुरुस्त केले, असे रकाने रेल्वेच्या नोंदवहीप्रमाणे आखलेले होते. ‘दुरुस्ती करणार’ असा एक रकाना होता. तो सर्व पानांवर कोरा आहे.

आता या लेखाचा जो भाग लिहिणे मला सर्वांत अवघड जाते, तो लिहितो. पंचवीस वर्षांपूर्वी ट्रस्टचा रौप्यमहोत्सव झाला. त्या स्मरणिकेचे संपादन मजकडे होते. देणगीदारांची नामावली करताना आम्ही एक किमान रक्कम ठरविली. त्या रकमेपासून वरची नावे छापावयाची, असा नियम केला. नियम सोयीचा होता. नामावलीची मुद्रिते तपासण्यासाठी मी तात्यांकडेच दिली, कारण त्यांच्या नजरेतून चूक सुटत नसे. त्यांनी दोन दिवस बसून प्रत्येक नाव पाहिले, तीन आकडे दुरुस्त केले, एका दिवंगत देणगीदाराच्या नावामागे ‘कै.’ घातले आणि कागद परत दिले. त्या यादीत त्यांचे नाव नव्हते. असण्याचे कारणच नव्हते. त्यांनी रक्कम दिली नव्हती. माझ्या मनातही ते आले नाही. तात्यांनी काही सुचविले नाही.

पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत शुद्ध होती. णमोकार ऐकत ऐकत त्यांनी देह ठेवला. त्यांची वही चाळताना अनुग्रह रकमेचे पहिले सहाशे रुपये धर्मशाळेच्या पाणीखात्यात ‘एक यात्रेकरू’ या नावाने जमा केल्याचे मला आढळले. अक्षर त्यांचेच होते. यादीचा नियम करणाऱ्यांत मी होतो, ही गोष्ट तेव्हापासून मला बोचत आली आहे.

उपसंहार

तात्यांच्या अखेरच्या दिवसांत लहान लाइनही वृद्ध झाली होती. पंढरपूरचा मार्ग रुंद करण्याच्या हालचाली त्यांनी पाहिल्या. आम्हा मंडळींना हळहळ वाटे. त्यांना वाटत नसे. “बरं झालं. आता म्हाताऱ्या माणसांना जिना चढून गाडी बदलावी लागणार नाही,” असे ते म्हणत. पुढील दशकभरात बार्शी, लातूर आणि मिरज हे सर्व मार्ग मोठ्या मापाचे झाले. जुना मार्ग उस्मानाबाद शहराला बाजूला ठेवून येडशीवरून जात असे. नवा मार्ग त्या शहरातून, म्हणजे आताच्या धाराशिवातून जातो. ज्या लातुरास १९११ साली लहान गाडी पोहोचली, तेथे २०१८ साली रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. कॅलथ्रॉपने रुजविलेल्या रोपाची ही शाखा, असे म्हणावयास हरकत नाही.

जुनी इंजिने संग्रहालयात ठेवता येतात. माणसे मात्र आठवणीतच ठेवावी लागतात आणि आठवण सांगणारेही आता थोडेच उरले आहेत. म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. आपल्या गावातील निवृत्त रेल्वे कामगारांकडे, ते कोणत्याही समाजाचे असोत, जे जुने पास, छायाचित्रे, सेवापुस्तिका, हत्यारे आणि आठवणी असतील, त्या जमवून धर्मशाळेच्या वाचनालयात एक कपाट राखावे. दुसरे असे की, या सुवर्णमहोत्सवी नामावलीत देणगीदारांच्या पानानंतर एक पान श्रमदान करणाऱ्यांचे असावे. मंडळाने ही दुसरी सूचना मान्य केली आहे, हे नमूद करताना मला समाधान वाटते.

त्या पानावर पहिले नाव तात्यांचे घालावे म्हणून मी त्यांच्या चिरंजीवांकडे गेलो होतो. त्यांनी आदराने बसविले, सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, “दादांनी वहीतला तो रकाना आयुष्यभर कोरा ठेवला, काका. तो आपण कशाला भरायचा? छापायचंच असेल तर ‘एक यात्रेकरू’ असं छापा.” त्यांच्या इच्छेचा मान राखला आहे. वाचकांनी श्रमदानाच्या पानावरील पहिली ओळ वाचताना ती कोणाची आहे, हे ध्यानी ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कुर्डुवाडीच्या रुळांवरून आजवर ज्यांनी ज्यांनी आपणास सुखरूप पोहोचविले, त्या सर्व ज्ञात-अज्ञात रेल्वे कामगारांना आणि आपल्या तात्यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.